अर्धच्छेद, लॉगॅरिदम, लघुगणक : सुलभीकरणाच्या दोन परंपरांचे तौलनिक वाचन

गणिती संहितांकडे साहित्याभ्यासाचे लक्ष क्वचितच जाते. गेले तरी ते बहुधा काव्यातील संख्यासंकेत, शास्त्रीय ग्रंथांची पद्यरचना किंवा गणितज्ञांची चरित्रे यांपुरते मर्यादित राहते. एखादी गणिती क्रिया भाषेत कशी मांडली जाते, तिला नाव कसे मिळते आणि एका परंपरेतून दुसरीत नेताना तिचे काय होते, हे प्रश्न मात्र भाषांतरमीमांसेच्या आणि तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेतील असूनही उपेक्षित राहिले आहेत. घातांक असलेल्या राशींचे लघुगणकाच्या नियमांनी केले जाणारे सुलभीकरण हा विषय या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

हे नियम शालेय गणितातून सर्वपरिचित आहेत. गुणाकाराचे लघुगणक म्हणजे लघुगणकांची बेरीज. भागाकाराचे लघुगणक म्हणजे त्यांची वजाबाकी. घाताचे लघुगणक म्हणजे घातांक आणि पायाभूत संख्येचे लघुगणक यांचा गुणाकार. याखेरीज, एखाद्या पायाला त्याच पायावरील 'क'च्या लघुगणकाइतका घात दिला असता 'क' हीच संख्या परत मिळते. ४ या संख्येवर '२ या पायावरील ३ चे लघुगणक' असा घातांक असेल, तर ती राशी प्रथमदर्शनी दुर्बोध वाटते; परंतु ४ हा २ चा वर्ग आहे हे ध्यानात घेताच ती ३ चा वर्ग, म्हणजेच ९, असल्याचे दिसते. येथे संख्येचे मूल्य बदलत नाही. बदलते ते तिचे कथन. एकच आशय अवघड उक्तीतून सोप्या उक्तीत आणणे ही क्रिया भाषांतराला जवळची आहे. परंतु 'सोपे' म्हणजे कोणासाठी सोपे आणि कशासाठी सोपे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत उपस्थित होत नाही. जैन आगमिक परंपरा आणि सतराव्या शतकातील युरोप या परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन परंपरांनी या प्रश्नाची भिन्न उत्तरे दिली आहेत. नियम सारखे असले तरी त्यांच्यामागील गरज सारखी नाही, आणि तौलनिक अभ्यासाला खरे काम या भिन्नतेतच आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

१. तीन नावे

संकल्पनेला मिळालेले नाव हे तिचे पहिले भाष्य असते. 'अर्धच्छेद' ही संज्ञा एका कृतीचे नाव आहे. संख्येला निम्मे करावे, उरलेल्या निम्म्याला पुन्हा निम्मे करावे, असे १ येईपर्यंत जितके छेद घ्यावे लागतील तितके त्या संख्येचे अर्धच्छेद. १६ चे अर्धच्छेद ४, २५६ चे ८. तीनने छेद घेतल्यास 'त्रिकच्छेद', चारने घेतल्यास 'चतुर्थच्छेद'. पाया कोणता, हे नावातच सांगितलेले असते.

'लॉगॅरिदम' हा जॉन नेपियरने ग्रीक शब्दांपासून घडवलेला सामासिक शब्द. त्यातील 'लोगोस' या पदाचा 'शब्द' किंवा 'वाणी' हा अर्थ साहित्याभ्यासकांना परिचित आहे; नेपियरला मात्र त्याचा 'गुणोत्तर' हा अर्थ अभिप्रेत असावा, असे मानले जाते. 'अरिथमोस' म्हणजे संख्या. या नावापूर्वी नेपियर त्याच राशींना 'कृत्रिम संख्या' म्हणत असे. पहिले नाव त्या संख्या घडवलेल्या आहेत असे सांगते, दुसरे त्या एका संबंधातून निर्माण झाल्या आहेत असे सुचवते. कृतीचा निर्देश दोहोंतही नाही.

'लघुगणक' ही आधुनिक भारतीय भाषांच्या परिभाषेतील संज्ञा तिसऱ्याच दिशेने जाते. 'लॉग' आणि 'लघु' यांतील ध्वनिसाम्य उघड आहे. पण ते निव्वळ ध्वनिसाम्य राहत नाही. अवजड गणन लघु करणारे, असा फलनिर्देशक अर्थ त्यातून निघतो. अर्धच्छेदात कृती, लॉगॅरिदमात संबंध आणि लघुगणकात उपयोग, असे तीन वेगळे आशय या नावांमध्ये आहेत. मराठी वर्गखोल्यांतून रूढ झालेली क्रियापदेही लक्षात घेण्याजोगी आहेत. 'वर्गमूळ काढणे' याच वळणावर तेथे 'लॉग काढणे' आणि 'अँटिलॉग काढणे' असे म्हटले जाते. संख्येच्या पोटात असलेले काही बाहेर काढावयाचे आहे, ही या क्रियापदातील कल्पना नेपियरच्या संबंधापेक्षा अर्धच्छेदाला अधिक जवळची आहे.

२. 'अथवा' या पदाचे कार्य

इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या 'अनुयोगद्वारसूत्र' या श्वेतांबर आगमग्रंथात मनुष्यसंख्येचे परिमाण सांगताना एकच राशी दोन प्रकारांनी निर्दिष्ट केली आहे. २ चा सहावा वर्ग आणि पाचवा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे ती राशी. अथवा जिचे ९६ वेळा छेद होतात ती राशी. येथे 'सहावा वर्ग' म्हणजे वर्गाचा वर्ग अशी सहा वेळा केलेली क्रिया. २ पासून ४, १६, २५६, ६५,५३६ या क्रमाने जाता पाचवा वर्ग २ चा ३२वा घात ठरतो, सहावा ६४वा घात. त्यांचा गुणाकार २ चा ९६वा घात असून दशमान पद्धतीत ती संख्या २९ अंकी होते.

आजच्या परिभाषेत हे गुणाकाराच्या नियमाचे उदाहरण आहे : ६४ अधिक ३२ बरोबर ९६. मात्र संहितेत हा नियम सूत्ररूपाने अवतरत नाही. तेथे दोन वर्णने आहेत आणि त्यांच्यामध्ये 'अथवा' हे अव्यय आहे. आधुनिक समीकरणात समतेचे चिन्ह जे कार्य करते, ते येथे अव्ययाने साधले आहे. फरक असा की, समतेच्या चिन्हानंतर डावी बाजू मागे पडते आणि उजवी बाजू उत्तर म्हणून उरते. 'अथवा'मध्ये दोन्ही वर्णने समान दर्जाने नांदतात. एकाच पदाची पर्यायी व्याख्या देण्याच्या टीकापरंपरेशी ही रचना सुसंगत आहे. संख्या हाही येथे अर्थनिर्णयाचा विषय आहे, आणि सुलभीकरण म्हणजे मूळ उक्ती पुसून टाकणे नव्हे, तर तिच्याशेजारी दुसरी उक्ती ठेवणे होय.

३. धवला : विरलन आणि छेद

याच विचाराचा व्यापक विस्तार वीरसेनांच्या 'धवला' टीकेत दिसतो. पुष्पदंत आणि भूतबली यांच्या 'षट्खंडागम' या दिगंबर आगमग्रंथावरील ही टीका नवव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. प्राकृत आणि संस्कृत यांच्या मिश्रणातून तिचे गद्य घडले आहे. तिच्या 'द्रव्यप्रमाणानुगम' या भागात जीवराशींचे परिमाण ठरवताना संख्यात, असंख्यात आणि अनंत अशा श्रेणींचा विचार येतो. अतिविशाल राशींची परस्परांशी तुलना करणे ही येथील निकड आहे. त्या राशींनी हिशोब करणे ही नव्हे.

अशा राशी निर्माण करण्याची क्रिया 'विरलन-देय' या नावाने वर्णिली आहे. एखादी संख्या सुट्या एककांत पसरावी, प्रत्येक एककाच्या जागी दिलेली संख्या ठेवावी आणि सर्वांचा परस्पर गुणाकार करावा. घातांकाचे हे वर्णन चिन्हाशिवाय परिपूर्ण आहे. पसरलेली संख्या आणि दिली जाणारी संख्या एकच असेल, तर त्या क्रियेला 'वर्गित-संवर्गित' म्हणतात. २ वर ही क्रिया एकदा केल्यास ४ मिळतात. ४ वर केल्यास ४ चा चौथा घात, म्हणजे २५६. तिसऱ्यांदा केल्यास २५६ चा २५६वा घात. केवळ तीन पायऱ्यांत राशी सामान्य गणनेच्या आवाक्याबाहेर जाते.

येथेच छेदाचा विचार साहाय्यास येतो. २५६ चे अर्धच्छेद ८. म्हणून २५६ च्या २५६व्या घाताचे अर्धच्छेद २५६ गुणिले ८, म्हणजे २,०४८. या २,०४८ चे पुन्हा अर्धच्छेद घेतले तर ११ येतात. अर्धच्छेदांच्या या अर्धच्छेदांना 'वर्गशलाका' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. दशमान पद्धतीत लिहावयास ६१७ अंक लागतील अशी ती राशी दोन पायऱ्या उतरताच ११ या बोटांवर मोजण्याजोग्या संख्येपाशी येते.

धवलेत हे केवळ उदाहरणापुरते राहत नाही. मूळ राशीला 'अ' म्हणावे, आणि तिच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गित-संवर्गितांना अनुक्रमे 'ब', 'क', 'ड' म्हणावे. 'ब'चे अर्धच्छेद म्हणजे 'अ' गुणिले 'अ'चे अर्धच्छेद. 'ब'च्या वर्गशलाका म्हणजे 'अ'चे अर्धच्छेद अधिक 'अ'च्या वर्गशलाका. याच क्रमाने पुढे जात 'ड'च्या वर्गशलाका 'ब'च्या वर्गापेक्षा कमी असतात, असा निष्कर्ष येतो. 'अ' बरोबर २ घेतल्यास 'ब' ४ आणि 'ड' २५६ चा २५६वा घात; त्याच्या वर्गशलाका ११ आणि 'ब'चा वर्ग १६. निष्कर्ष पडताळून पाहता येतो.

या निष्कर्षाचे स्वरूप अर्थपूर्ण आहे. तो समता सांगत नाही, न्यूनाधिकता सांगतो. 'ड' ही राशी नेमकी किती, हा प्रश्न वीरसेनांसमोर नाही. ती कोणत्या राशीच्या अलीकडे आणि कोणत्या राशीच्या पलीकडे, हा आहे. म्हणून छेद घेत खाली उतरल्यावर मूळ संख्येकडे परत जाण्याची गरज उरत नाही. अर्धच्छेदांच्या सारण्या रचून त्यांच्या आधारे गुणाकार उरकण्याचा मार्ग धवलेत नाही, तो या प्रयोजनामुळे. राशी घडते विरलनाने आणि ओळखली जाते छेदाने. एक चढण आहे, दुसरी उतरण.

ही परंपरा दहाव्या शतकात नेमिचंद्रांच्या 'त्रिलोकसार' या प्राकृत ग्रंथात पुढे चाललेली दिसते. गुण्य आणि गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज म्हणजे गुणाकाराचे अर्धच्छेद, हा नियम तेथे स्पष्ट विधानाच्या रूपात येतो. नेमिचंद्र हे चामुंडरायाच्या गुरुस्थानी मानले जातात. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याच्या मराठी लेखामुळे चामुंडरायाचे नाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. आरंभीच्या मराठीच्या शोधात ज्या परिसराकडे वारंवार पाहिले गेले, त्याच परिसरातील ज्ञानव्यवहाराचा हा दुसरा पदर आहे.

४. नेपियर : परतीचा प्रवास

एडिंबरो येथे १६१४ साली नेपियरचा 'मिरिफिकी लॉगारित्मोरुम कानोनिस देस्क्रिप्तिओ' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची प्रेरणा निःसंदिग्ध आहे. खगोलगणित आणि नौकानयन यांत मोठ्या संख्यांचे गुणाकार, भागाकार व मूळे काढण्यात वेळ जातो आणि चुका होतात; ते श्रम वाचवावयाचे आहेत. त्याचे प्रतिपादन दोन बिंदूंच्या गतीतून उलगडते. एक बिंदू समान वेगाने जातो. दुसरा एका ठरावीक लांबीच्या रेषेवर असा जातो की, त्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत राहतो. दुसऱ्या बिंदूचे उरलेले अंतर ही संख्या, आणि तेवढ्या वेळात पहिल्याने तोडलेले अंतर हे तिचे लॉगॅरिदम. ज्या राशी आज घातांकांवाचून कल्पिता येत नाहीत, त्या येथे काळ आणि गती यांच्या कथनातून आल्या आहेत. घातांक वर चढवून लिहिण्याची देकार्तची पद्धत १६३७ मध्ये आली. चिन्ह नव्हते तेव्हा धवलेने वाटणीची भाषा वापरली, नेपियरने गतीची.

नेपियरच्या मूळ कोष्टकाला आजचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. त्याने १ चे नव्हे, तर १,००,००,००० या संख्येचे लॉगॅरिदम शून्य मानले होते, कारण त्या काळच्या ज्या-कोष्टकांतील त्रिज्या तेवढी घेतली होती. परिणामी गुणाकाराचे लॉगॅरिदम म्हणजे निव्वळ बेरीज, असे तेथे म्हणता येत नाही. टिकून राहते ते प्रमाण : दोन जोड्यांचे गुणोत्तर समान असेल, तर त्यांच्या लॉगॅरिदमांतील अंतर समान असते. लंडनच्या हेन्री ब्रिग्जने १६१५ मध्ये एडिंबरो येथे नेपियरची भेट घेतली, आणि दोघांच्या विचारविनिमयातून १ चे लॉगॅरिदम शून्य मानणारी दशमान पद्धत आकाराला आली. नेपियर १६१७ मध्ये मरण पावला. ब्रिग्जच्या १६२४ च्या ग्रंथात १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांची लॉगॅरिदमे १४ दशांश स्थळांपर्यंत आली. मधली पोकळी आद्रियान व्लाक याने १६२८ मध्ये १० स्थळांच्या कोष्टकाने भरून काढली. गुणाकाराचा नियम आज जितका निसर्गदत्त भासतो, तितका तो नाही. तो वाटाघाटीतून ठरलेल्या संकेतावर उभा आहे.

या परंपरेत परतीचा प्रवास अनिवार्य आहे. संख्येवरून लॉगॅरिदमाकडे जावे, तेथे बेरीज करावी आणि कोष्टकातून पुन्हा संख्येकडे यावे. परत येता आले नाही, तर खटाटोप व्यर्थ. भाषांतराच्या परिभाषेत सांगायचे तर लॉगॅरिदमांची भाषा ही मधली कामचलाऊ भाषा आहे; तिच्यात मुक्काम करावयाचा नसतो. धवलेतील अर्धच्छेदांची भाषा ही मुक्कामाची भाषा आहे.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर एडवर्ड राइट याने केले. त्याच्या निधनानंतर ते १६१६ मध्ये त्याच्या मुलाने प्रकाशात आणले आणि ईस्ट इंडिया कंपनीला अर्पण केले. राइट हा नौकानयनाच्या गणिताचा जाणकार होता. श्रम वाचवणारे साधन कोणाच्या हाती जाणार होते, याचे उत्तर या अर्पणपत्रिकेत मिळते. सुलभीकरण ही येथे केवळ बौद्धिक सोय राहत नाही. ते सागरी व्यापाराचे उपकरण ठरते.

५. चिन्हभाषेतील अनुवाद

धवलेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्री येथे दीर्घकाळ जतन झाल्या होत्या. हिंदी अनुवादासह तिचे प्रकाशन १९३९ पासून अमरावती येथून सुरू झाले, डॉ. हीरालाल जैन हे त्याचे प्रमुख संपादक होते. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील इंग्रजी लेख समाविष्ट झाला. त्यात त्यांनी अर्धच्छेदासाठी 'लॉग' हे चिन्ह वापरले आणि धवलेतील गद्य विधाने समीकरणांच्या रूपात मांडली. अर्धच्छेदांचा विचार आधुनिक गणितेतिहासात दाखल झाला तो या अनुवादामुळे. त्याचे महत्त्व वादातीत आहे.

परंतु प्रत्येक अनुवादाप्रमाणे या अनुवादानेही काही दिले आणि काही घेतले. 'लॉग' हे चिन्ह येताच अर्धच्छेदातील 'छेद' ही कृती लोपते. नावातच सांगितलेला २ हा पाया चिन्हाच्या तळाशी जातो किंवा गृहीत धरला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिन्हाबरोबर त्याचे अधिकारक्षेत्रही येते. आधुनिक लघुगणक कोणत्याही धन संख्येला असते. ३ ला निम्मे करीत गेल्यास मात्र नेमके १ कधीच हाती लागत नाहीत. अर्धच्छेदाची व्याख्या २ च्या घातांवर विनासायास चालते, इतरत्र तिला तडजोड करावी लागते. समीकरण वाचणाऱ्याला ही सीमा दिसत नाही.

अग्रहक्काचा वाद या न दिसणाऱ्या सीमेतूनच उद्भवतो. लॉगॅरिदमांचा शोध नेपियरच्या आठ शतके आधी भारतात लागला, असे विधान केले जाते. त्याच्या उत्तरादाखल अर्धच्छेद हे 'खरे' लघुगणक नव्हेच, असेही म्हटले जाते. दोन्ही विधाने आधुनिक चिन्हाला मूळ संहिता मानतात आणि इतर संहिता तिच्या कमीअधिक यशस्वी प्रती समजतात. युरोपातही हा वाद घडला आहे. योस्ट ब्यूर्गीने नेपियरपासून स्वतंत्रपणे रचलेली कोष्टके १६२० मध्ये प्राग येथे प्रसिद्ध झाली. त्यांत एक श्रेणी तांबड्या अंकांत व दुसरी काळ्या अंकांत छापली होती. दोन श्रेणी समोरासमोर ठेवून वाचणे, ही दृष्टी कोणा एकाची मालमत्ता नव्हती. वीरसेन आणि नेपियर यांच्यात प्रभावाचे नाते शोधण्यास कोणताही आधार नाही. येथे सादृश्याभ्यास हाच मार्ग उरतो, आणि सादृश्य हे निष्कर्षाचे नव्हे, तर विवेचनाच्या आरंभाचे स्थान आहे.

६. समतेच्या अटी

सुलभीकरणाचे नियम निरपवाद नाहीत, याची जाणीव युरोपीय परंपरेलाही संघर्षातूनच झाली. १७१२-१३ मध्ये लायब्निट्स आणि योहान बेर्नुली यांच्यात ऋण संख्यांच्या लॉगॅरिदमांविषयी पत्रव्यवहार झाला. ऋण १ चा वर्ग १. १ चे लॉगॅरिदम शून्य. म्हणून घाताच्या नियमानुसार ऋण १ च्या लॉगॅरिदमाची दुप्पट शून्य, आणि म्हणून तेही शून्य, अशा युक्तिवादावर बेर्नुलीची भूमिका उभी होती. लायब्निट्सला ती मान्य नव्हती; अशी लॉगॅरिदमे काल्पनिक ठरतात, असे त्याचे म्हणणे होते. लॉगॅरिदम म्हणजे घातांक, ही व्याख्या १७४८ च्या ग्रंथात प्रस्थापित करणाऱ्या ऑयलरने पुढे दाखवून दिले की, शून्येतर प्रत्येक संख्येला एक नव्हे, तर अगणित लॉगॅरिदमे असतात आणि धन संख्येच्या बाबतीत त्यांतील एकच वास्तव असते. बेर्नुलीने नियम चुकीचा वापरला नव्हता. तो ज्या प्रदेशात वैध होता त्याच्या बाहेर नेला होता.

भाषांतरमीमांसेला हा प्रसंग अपरिचित वाटू नये. एका भाषेतील वाक्याचे अनेक संभाव्य अनुवाद असतात; त्यांतील एक निवडून तोच एकमेव आहे असे मानल्यास परत मूळाकडे येताना विसंगती उद्भवते. समता ही नेहमी अटींसह असते. त्या अटी उच्चारल्या जात नाहीत तेव्हा समतेचे चिन्ह फसवे ठरते. अर्धच्छेदांना 'लॉग' म्हणताना हीच खबरदारी अपेक्षित आहे.

७. समारोप

अर्धच्छेद आणि लॉगॅरिदम यांच्या नियमांतील साम्य खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु धवलेत सुलभीकरणाने अतिविशालाला श्रेणी मिळते, नेपियरच्या ग्रंथात गणकाला वेळ मिळतो. दोन्हीकडे काठिण्य नाहीसे होत नाही. ते अन्यत्र हलवले जाते. धवलेत ते व्याख्यांच्या उतरंडीत जाते. ब्रिग्ज आणि व्लाक यांच्याकडे कोष्टकांच्या शेकडो पृष्ठांत. ऑयलरकडे वैधतेच्या अटींत. 'सोपे' झालेल्या राशीच्या मागे कोणाचे तरी श्रम किंवा कोणती तरी अट उभी असते.

गणकयंत्रे आणि संगणक आल्यावर लॉगॅरिदमांची कोष्टके व्यवहारातून मागे पडली. नेपियरची गरज यंत्राने भागवली. लघुगणक मात्र मागे पडले नाही. क्रमवार लावलेल्या १०,००,००० नोंदींतून एक नोंद शोधताना दर वेळी यादी निम्मी करीत गेल्यास २० छेदांत शोध संपतो, कारण २ चा २०वा घात १०,४८,५७६ आहे. संगणनशास्त्रात २ या पायावरील लघुगणक हा नित्याचा मापदंड आहे तो याच अर्थाने : गुणाकार किती लवकर उरकेल हा त्याचा प्रश्न नाही, किती वेळा निम्मे करावे लागेल, हा आहे. हा वीरसेनांचा प्रभाव नव्हे, आणि त्यांच्या अग्रहक्काचा पुरावाही नव्हे. एका परंपरेने विचारलेला प्रश्न दुसऱ्या परंपरेत, वेगळ्या निकडीपोटी, पुन्हा विचारला गेला आहे. 'लघुगणक' या एकाच शब्दाखाली हे दोन्ही प्रश्न आज एकत्र नांदत आहेत. त्यांना वेगळे ओळखणे हे तौलनिक वाचनाचे कार्य आहे.